गाठीमागे एक रुपया, घरामागे चाळीस मजले: वरळी बीडीडी चाळींचं प्रकरण

वरळीच्या बीडीडी चाळीत आत्याची खोली १६० चौरस फुटांची होती. आत शिरलं की डाव्या हाताला मोरी, मोरीला लागून ओटा, ओट्याखाली पाण्याची दोन पिंपं. समोर कॉट, कॉटखाली ट्रंका, वर माळा. दोन आतेभाऊ माळ्यावर झोपायचे, तिसरा बाहेर पॅसेजमध्ये सतरंजी टाकायचा. दाराच्या मागच्या बाजूला आत्या पेन्सिलीनं हिशोब लिहायची: सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे किती, भिशीचा नंबर कधी. माणूस वाढलं की दार बंद व्हायचं नाही, आणि दार उघडं असलं की हिशोब भिंतीकडे तोंड करून असायचा.

ही खोली आता नाही. तिच्या बदल्यात आत्याला ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं, त्याच परिसरात, चाळीस मजली इमारतीत, एक पैसा न देता. दक्षिण-मध्य मुंबईत हे कसं घडलं, त्याची किंमत कुणी चुकवली आणि अजून कुणाला चुकवायची आहे, ते पाहायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागतं.

खातं, कापूस आणि रिकाम्या खोल्या

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरण्या जोरात होत्या आणि गिरणगावात डोकं टेकायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी. चाळीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. याच खात्याकडे बॅकबेचा समुद्र बुजवायचं कामही होतं. त्या कामात पैशांचा इतका चिखल झाला की खुर्शीद नरिमन त्यावर तुटून पडले, आणि पुढे त्याच भरावाच्या टोकाला नरिमन पॉइंट हे नाव लागलं.

चाळींचं काम त्या मानानं शिस्तीत झालं. १९२१ ते १९२५ या काळात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२, शिवडीला १२. सगळ्या एका साच्यातल्या: तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. गिरगावच्या चाळींसारखी रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी इथं नाही. मधून बोळासारखा पॅसेज आणि दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, त्यामुळे भर दुपारीही पॅसेजमध्ये दिवा. संडास सामायिक. भिंती मात्र सिमेंट-काँक्रीटच्या. खिळा ठोकायचा तर हातोडीचा दांडा तुटेल पण खिळा आत जायचा नाही, हा अनुभव प्रत्येक घरात आहे.

या बांधकामासाठी सरकारनं कर्ज उभारलं आणि त्याच्या फेडीसाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया शहर-जकात बसवली. ज्या धंद्यानं कामगार शहरात ओढून आणले, त्या धंद्याकडूनच त्यांच्या घरांचा काही भार उचलून घ्यायचा, असा त्यातला विचार. पुढे जे सांगायचं आहे ते या एका रुपयाशी जोडलेलं आहे.

बेत पन्नास हजार खोल्यांचा होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. आणि गंमत म्हणजे त्याही भरेनात. भाडं परवडत नव्हतं, वरळी तेव्हा गिरण्यांच्या मानानं आडबाजूला, आणि काँक्रीटची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले तेव्हा सरकारनं वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. रिकाम्या खोल्या हाताशीच होत्या. नंतरच्या काळात त्या भरल्या त्या अशा की एका खोलीत घरचे सहा आणि गावाकडून नोकरी शोधायला आलेले दोन.

गर्दीचं गणित

वरळीचा भूखंड साधारण ६० एकरांचा. त्यावर ९,६८९ गाळे. घरटी पाच माणसं धरली (हा माझा ढोबळ हिशोब, चाळीतला कुणीही तो कमीच म्हणेल) तर अठ्ठेचाळीस हजारांवर लोकसंख्या होते. एकराला आठशे माणसं, चौरस किलोमीटरला दोन लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला साधारण वीस हजार होती. म्हणजे चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या या वस्तीची घनता शहराच्या सरासरीच्या दहापट.

‘टॉवर आले की गर्दी होते’ हे वाक्य मी पुनर्विकासाच्या प्रत्येक चर्चेत ऐकतो. वरळीपुरतं तरी ते वाक्य अर्धवट आहे. गर्दी आधीपासून होती. ती पॅसेजमध्ये झोपत होती, म्हणून गाडीच्या काचेतून दिसत नव्हती.

नगररचनाकार शिरीष पटेल, नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, त्यांनी घनतेकडे बघायची एक रीत सांगितली होती. माणशी घरात किती जागा, माणशी रस्त्यावर किती जागा, माणशी बागेत-मैदानात किती जागा, हे वेगवेगळं मोजा. एका आकड्यात सगळं कोंबलं की काहीच कळत नाही. ही फूटपट्टी आत्याच्या घराला लावून बघू. जुन्या खोलीत पाच माणसांत माणशी ३२ चौरस फूट, म्हणजे एक कॉट आणि तिच्याशेजारी उभं राहण्यापुरती जागा. नव्या घरात माणशी १००. घराच्या आत गर्दी तिपटीनं कमी झाली. याला कुणी नावं ठेवत असेल तर त्यानं पावसाळ्यात रात्री दोन वाजता बादली घेऊन पॅसेजच्या टोकाला एकदा जाऊन यावं. चाळीच्या आठवणी काढून डोळे पुसणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. संडासाच्या रांगेत कुठलीही आपुलकी नसते, भांडणं असतात.

जमिनीवर मात्र उलट. साठ एकर म्हणजे सव्वीस लाख चौरस फूट. चाळकऱ्यांच्या वाट्याला माणशी चोपन्न चौरस फूट जमीन येत होती, इमारती, रस्ते, मैदान सगळं धरून. ही जमीन वाढलेली नाही. तिच्यावर आता चाळकऱ्यांखेरीज विक्रीच्या टॉवरमधली माणसं येणार, आणि प्रत्येक नव्या घरामागे हा आकडा घसरणार.

चाळ नंबर म्हणजे काय

इथं थोडं आडवळण घेतो, कारण बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. वरळीत ‘कितव्या नंबरात राहता?’ हा प्रश्न साधा नाही. चाळीच्या नंबरावरून समाज कळतो: बौद्धांच्या चाळी कुठल्या, घाटावरच्या मराठ्यांच्या कुठल्या, कोकणातल्यांच्या कुठल्या, पोलिसांच्या कुठल्या. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर इथं दंगल पेटली आणि चाळी एकमेकींवर दगड घेऊन उभ्या राहिल्या. पोलिसांच्या वागण्यावर इतके आरोप झाले की चौकशीसाठी न्यायमूर्ती भस्मे आयोग नेमावा लागला. त्या आठवड्यांत कोण कुठल्या खिडकीत उभं होतं, हे पन्नास वर्षांनीही लोक सांगतात.

नव्या इमारतीत घराचा नंबर सोडतीनं ठरतो. संगणक कुणालाही विचारत नाही, तुम्ही कितव्या नंबरातले. त्यामुळे शेजार नव्यानं लागतो. आत्याच्या मजल्यावर तिच्या जुन्या चाळीतलं एकच घर आहे, बाकीच्यांशी ओळख जिन्यात नव्हे, लिफ्टमध्ये होते आहे. मला यात वाईट काही दिसत नाही. आत्याला थोडं दिसतं, पण ती ते मोठ्यानं बोलत नाही.

हवा विकून घर

पुनर्विकासाची बोलणी कित्येक वर्षं चालली होती. सार्वजनिक बांधकाम खातं मालक, भाडं नाममात्र, दुरुस्ती रडतखडत. शेवटी म्हाडाला मुख्य संस्था नेमून सरकारनं काम हाती घेतलं. एप्रिल २०१७ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. १ ऑगस्ट २०२१ ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना वरळीत पुन्हा कामाचा शुभारंभ झाला. एकाच जमिनीला दोनदा नारळ फुटला म्हणून चाळीत विनोद व्हायचे. पुढे २०२२ ला नामकरणही झालं: वरळीला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे नगर, नायगावला शरद पवार नगर, ना. म. जोशी मार्गाला राजीव गांधी नगर. तिन्ही पक्षांचं समाधान झालं. टॅक्सीवाला अजून बीडीडी म्हटल्याशिवाय मीटर टाकत नाही.

योजना ऐकायला सोपी आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(९)(ब) या कलमाखाली इथं ४ एफएसआय. भूखंडाच्या चौपट बांधकाम. त्यातल्या एका भागात रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं फुकट. उरलेल्या भागात बाजारभावानं विकायची घरं आणि गाळे, आणि त्या विक्रीतून सगळ्याचा खर्च. खोली रिकामी केल्यापासून ताबा मिळेपर्यंत संक्रमण शिबिरातली जागा, नाहीतर महिन्याला २५,००० रुपये भाडं.

इथं तो एक रुपया आठवतो. १९२० च्या दशकात सरकारनं कामगाराच्या घरासाठी कापसाच्या धंद्यावर कर बसवला. शंभर वर्षांनी त्याच घरांसाठी सरकारनं कुणावरही कर बसवला नाही. त्या जमिनीवरची हवा विकायला काढली. प्रत्येक फुकट घरामागे काही विकाऊ चौरस फूट, आणि ते विकाऊ चौरस फूट म्हणजे जादा माणसं, जादा गाड्या, जादा पाणी, जादा सांडपाणी. घनता वाढणं हा या योजनेचा दुष्परिणाम म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. वाढीव घनता हीच योजनेची रोकड आहे. तिजोरीतून पैसा न काढता घर देतो म्हणणाऱ्या सरकारला दुसऱ्या कुठल्या नाण्यात पैसे चुकवता येत नाहीत. आणि हे नाणं सरकारच्या खिशातून जात नाही. ते जातं आजूबाजूच्या रस्त्यांतून, गटारांतून, स्टेशनच्या जिन्यांतून.

शिरीष पटेलांनी या प्रकल्पांवर हाच आक्षेप घेतला होता: पुनर्वसनाच्या इमारती दाटीवाटीनं उभ्या करायच्या, उजेड-वारा त्यांनी आपसांत वाटून घ्यायचा, आणि मोकळी जागा विक्रीच्या बाजूला सोडायची. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. रहिवाशांची धास्ती वेगळ्या गोष्टींची होती: आधी करारनामा की आधी खोली रिकामी, पात्रता कोण ठरवणार, मेलेल्या आजोबांच्या नावावरची भाडेपावती चालेल का. उजेड-वाऱ्यावर चाळीच्या सभेत कुणी पाच मिनिटंही बोललं असेल असं मला वाटत नाही. ज्यांच्या पॅसेजमध्ये शंभर वर्षं दिवा जळत होता त्यांना तो मुद्दा दूरचा वाटला तर नवल नाही, पण मुद्दा खोटा ठरत नाही.

पोलिसांचं प्रकरण त्यातच अडकलेलं होतं. सेवानिवासस्थान म्हणून मिळालेल्या खोल्यांत निवृत्त हवालदारांच्या दोन-दोन पिढ्या राहिलेल्या. त्यांना घर द्यायचं ठरलं, पण बांधकामखर्च घेऊन: आधी ५० लाख, मग २५, शेवटी १५ लाख. एकाच परिसरात कुणाला फुकट, कुणाला पंधरा लाखांत, आणि पलीकडच्या टॉवरमध्ये कोटींत.

शेजारी काय झालं ते

वरळीची वाढीव घनता ज्या रस्त्यांवर उतरणार ते रस्ते आधीच भरलेले आहेत, आणि त्यामागेही एक नियम आहे. गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या नियमावलीत कलम ५८ आलं. ढोबळ अर्थ असा की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, तिसरा म्हाडाला, तिसरा मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी म्हणजे शेड. मोकळी जमीन असते किती? उच्च न्यायालयानं आधी हे रोखलं, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरुस्ती कायम ठेवली. मैदानं मिळाली नाहीत, काचेची ऑफिसं मिळाली.

त्या ऑफिसांत येणारी माणसं गिरणीच्या पाळ्यांसाठी बांधलेल्या स्टेशनांवर उतरत राहिली. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर माणसं आडोशाला थांबली, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या, आणि चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यांच्यातल्या कुणाचंही घर त्या पुलावर नव्हतं. एफएसआय देताना कुणीही त्या पुलाची रुंदी मोजली नव्हती. नंतर लष्कराकडून नवा पूल बांधून घेतला, स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिथला गाड्यांचा उड्डाणपूलही शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी पाडायला बंद केला.

वरळीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र बदलली आहे. मे २०२५ मध्ये भुयारी ‘मेट्रो ३’ वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. त्याच महिन्यात पहिल्या मोठ्या पावसात त्या स्टेशनात पाणी घुसलं ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. ऑक्टोबरमध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली. घनता आधी आणि वाहतूक नंतर ही मुंबईची जुनी रीत, वरळीत दोन्ही निदान एका वर्षात आली. बीडीडीचा उर्वरित भाग उभा राहील तेव्हा ही मेट्रो त्याला किती पुरते ते दिसेलच.

सत्ताविसावा मजला

१४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पुनर्वसन इमारत क्रमांक एकचे डी आणि ई हे दोन विंग. आकडा नीट पाहिला तर ५५६ म्हणजे जवळपास सात चाळी. एका विंगमध्ये २७८ घरं, म्हणजे साडेतीन चाळी एकमेकींच्या डोक्यावर उभ्या. चाळीला जिना होता, त्याला रांग लागत नव्हती.

दिवाळीत मी मेट्रोनं गेलो. अत्रे चौकातून चालत आलं की डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना पत्र्याचं कुंपण, आत क्रेन, आणि मध्येच अजून न पाडलेल्या चाळी, त्यांच्या खिडक्यांत कंदील. खाली लॉबीत फराळाचे डबे घेऊन दहाबारा माणसं लिफ्टची वाट बघत होती. एक लिफ्ट सामानाला लावलेली. चाळीच्या माणसाला लिफ्टसाठी थांबायची सवय नसते, तो वर चालत सुटतो. एक आजोबा जिन्याकडे वळले, मजला आठवला, परत फिरले.

“जेवून आलास की नुसताच?” आत्यानं दारातच विचारलं. दार बंद होतं, बेल वाजवावी लागली. स्वयंपाकघर वेगळं, दोन संडास-बाथरूम, नळाला पाणी. तरी ओट्याखाली पिंप होतंच, भरलेलं, वर झाकण, झाकणावर तांब्या.

“आता कशाला भरतेस गं?”

“लाइट गेली तर पंप चालतो का? मग.”

तिनं एका वाक्यात जे विचारलं त्यावर मला गप्प बसावं लागलं. चार मजल्यांच्या चाळीत पाणी गेलं तर खालून दोन बादल्या आणता येतात. सत्ताविसाव्या मजल्यावर पंप, जनरेटर, लिफ्ट, आग विझवण्याची यंत्रणा, हे सगळं चालू ठेवणं म्हणजेच घर चालू ठेवणं. म्हाडानं पहिली बारा वर्षं देखभाल आपल्याकडे घेतली आहे. त्यानंतर बिल सोसायटीचं. चौरस फुटाला पाच रुपये इतका साधा दर धरला तरी महिन्याला अडीच हजार होतात, आणि चाळीस मजली इमारतीची बारा वर्षं वापरलेली लिफ्ट बदलायची वेळ येते तेव्हा साधा दर पुरत नाही. विक्रीच्या टॉवरमधला माणूस ते बिल बघणारही नाही. आत्याचा धाकटा मुलगा कुरिअरमध्ये आहे.

चाळीत अशी शंका निघाली की उत्तर ठरलेलं असतं: परवडलं नाही तर भाड्यानं देऊ, विरार-बदलापूरला जाऊ. तसं झालं तर घराच्या आतली गर्दी कमी करण्यासाठी जी घनता खर्च केली तिचा लाभ दुसऱ्याच्या पदरात पडणार. हे टाळायचं तर देखभालीचा निधी विक्रीच्या बाजूच्या पैशातून आत्ताच, टॉवर विकले जाण्याआधी, वेगळा काढून ठेवायला हवा, फक्त इमारत पडू नये इतका नव्हे, लिफ्ट आणि पंप दोनदा बदलता येतील इतका. माझ्या मते या प्रकल्पातली अजून हातात असलेली हीच एक गोष्ट. उंची, अंतर, एफएसआय यांवर आता बोलून उपयोग नाही, काँक्रीट ओतून झालंय.

निघताना पाणी मागितलं तर आत्या म्हणाली, तूच घे, पिंपातलं. तांब्या घेताना कपाटाचं दार उघडं दिसलं. बाहेरून पांढरं, गुळगुळीत, तिथं काही लिहायची सुनेची सक्त मनाई. आतल्या बाजूला पेन्सिलीनं सिलिंडरची तारीख होती, दुधाचे खाडे होते, आणि सगळ्यात वर, थोड्या मोठ्या अक्षरात: ऑगस्ट २०३७.